निवेदक (साहित्य)

निवेदक म्हणजे कथा, कादंबरी, आत्मचरित्र, आख्यानकाव्य अशा कथात्म साहित्यकृतीत घटना सांगणारा आवाज होय. निवेदक ज्या जागेवरून घटनांकडे पाहतो आणि जितके त्याला दिसते, त्या मर्यादेला दृष्टिबिंदू किंवा कथनाचा दृष्टिकोन असे म्हणतात. साहित्यकृतीची बांधणी (काय आधी सांगायचे, काय मागे ठेवायचे) आणि तिच्यातील अलंकार या दोन्ही गोष्टी निवेदकाच्या निवडीवर अवलंबून असतात. त्यामुळे कोणत्याही उताऱ्याचे रसग्रहण करताना ‘हे कोण सांगत आहे?’ हा प्रश्न अलंकार ओळखण्याच्या आधी येतो.

मराठी साहित्यात निवेदनाचे जवळजवळ सर्व प्रकार आढळतात. या लेखातील उदाहरणे अर्वाचीन आणि प्राचीन मराठी वाङ्मयातून घेतली असून शेवटच्या भागात पालघर, डहाणू, तलासरी, बोईसर-तारापूर या उत्तर कोकणातील पट्ट्याचा स्वतंत्र विचार केला आहे. या पट्ट्याविषयी लिहिणाऱ्या अनेक महत्त्वाच्या व्यक्ती बाहेरून आलेल्या होत्या आणि ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्या वारली समाजाची परंपरा मुख्यतः मौखिक व चित्रमय होती. सांगणारा एक आणि ज्याचे सांगितले जाते तो दुसरा, अशी स्थिती असली की निवेदकाचा प्रश्न केवळ परीक्षेपुरता राहत नाही.

लेखक आणि निवेदक

लेखक ही प्रत्यक्षात होऊन गेलेली किंवा हयात असलेली व्यक्ती असते. निवेदक हा त्या व्यक्तीने लेखनासाठी घडवलेला आवाज असतो. दोघांचे नाव, वय, लिंग, मते एकच असतीलच असे नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे निवेदन यमू या विधवेच्या तोंडी आहे, तर लेखक त्या वेळी विशी-तिशीच्या दरम्यानचा पुरुष होता. या कादंबरीतील ‘मी’ म्हणजे हरिभाऊ, असे कोणी म्हणणार नाही. हीच सावधगिरी इतरत्र मात्र सुटते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराची मते लेखकाची म्हणून उद्धृत केली जातात, ती याच विसरामुळे.

हा भेद आधुनिक काळातच आला असे नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत आणि अनेक संतांच्या गौळणींत बोलणारी स्त्री आहे. रचनाकार पुरुष आहे. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा तर याहून सूक्ष्म आहे. ‘तुका म्हणे’ या दोन शब्दांत कवी स्वतःचाच उल्लेख तृतीयपुरुषी करतो, म्हणजे आतापर्यंत बोलत असलेल्या आवाजाकडे क्षणभर बाहेरून पाहतो. शालेय उत्तरपत्रिकांत सरसकट लिहिले जाणारे ‘कवी म्हणतात की…’ हे वाक्य अशा ठिकाणी अपुरे पडते. कवितेतील बोलणारी गोपी असेल, तर ते म्हणणे गोपीचे असते.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) हा भेद उघडपणे मांडला आहे. दगडू मारुती पवार हे लेखकाचे मूळ नाव. पुस्तकात दगडू आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसतात आणि त्यांपैकी एक निवेदक व दुसरा श्रोता होतो. आत्मकथन असूनही ‘मी’ सरळ, एकसंध राहत नाही. शिकून वर आलेला माणूस आणि मागे राहिलेले त्याचे गाव यांतील अंतर या बांधणीनेच सांगितले आहे.

मराठी व्याकरणातील खुणा

निवेदक ओळखण्याची काही साधने मराठी भाषेने स्वतःच पुरवली आहेत. इंग्रजी समीक्षेतील व्याख्या भाषांतरित करून शिकवल्या जातात तेव्हा नेमक्या याच खुणा हातातून निसटतात.

पहिली खूण क्रियापदाची. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांतील फरकाने निवेदकाचे लिंग पहिल्याच वाक्यात कळते. मात्र ‘मी पाहिले’, ‘मी जाईन’, ‘आम्ही निघालो’ या रूपांत ते कळत नाही. निवेदक स्त्री की पुरुष हे काही काळ लपवायचे असेल, तर लेखक अशाच रूपांचा आधार घेतो. बोलीनुसार यातही फरक पडतो. कोल्हापूरकडील स्त्रियांच्या बोलण्यात ‘मी जातो’ असे रूप सहज येते, म्हणून तेवढ्यावरून निवेदकाला पुरुष समजणे चुकीचे ठरेल.

दुसरी खूण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत घेतला जातो. ‘आम्ही जंगलात राहतो’ असे सांगणारा निवेदक श्रोत्याला परका मानतो; ‘आपण जंगलात राहतो’ असे सांगणारा त्याच्याच वस्तीत उभा असतो. एखाद्या उताऱ्यात ‘ते’, मग ‘आम्ही’, मग ‘आपण’ असा प्रवास दिसला, तर निवेदकाची जागा बदलत गेली आहे असे समजावे.

तिसरी खूण ‘म्हणे’ या छोट्या शब्दाची. ‘तो मुंबईला गेला’ आणि ‘तो म्हणे मुंबईला गेला’ या वाक्यांत माहिती एकच आहे, पण दुसऱ्या वाक्यात निवेदकाने जबाबदारी अंगावरून झटकली आहे. कधी ही नुसती ऐकीव बातमी असते, कधी अविश्वास, कधी थट्टा.

चौथी खूण सर्वांत बोलकी आहे. ती आदरार्थी बहुवचनाची होय. निवेदक कोणाला ‘तो’ म्हणतो आणि कोणाला ‘ते’, कोणाला ‘ती’ म्हणतो आणि कोणाला ‘त्या’, यावरून कथेतील समाजात निवेदक कोठे उभा आहे हे कळते. ‘सावकार आले आणि कूळ उठून उभा राहिला’ या वाक्यात कोणतीही टीका नाही आणि कोणताही अलंकार नाही. तरी निवेदकाने दोन माणसांना दोन उंचीवर ठेवले आहे. अनेक जुन्या कथांत हे लेखकाच्या ध्यानीमनी नसताना घडलेले असते. काही लेखक मात्र तेच जाणूनबुजून, उपरोध साधण्यासाठी करतात. दोन्हींतला फरक ओळखणे हे चांगल्या वाचकाचे काम.

निवेदनाचे प्रकार

प्रथमपुरुषी निवेदनात ‘मी’ सांगतो. हा ‘मी’ कथेचा नायक असू शकतो किंवा केवळ साक्षीदार. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक हा धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण शिक्षक आहे. तो वाडीचा नाही, म्हणून त्याला जे नवे दिसते ते वाचकालाही नवे वाटते. आणि वाडीतले जे त्याला कधीच कळत नाही ते वाचकापासूनही दूर राहते. नवखा निवेदक घेण्याचा लाभ आणि त्याची मर्यादा दोन्ही या एका कादंबरीत पाहता येतात.

मोठेपणी लहानपण सांगणाऱ्या ‘मी’चे दोन थर असतात. अनुभवणारा मुलगा एक आणि सांगणारा प्रौढ दुसरा. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये (लेखन १९३३, नाशिकच्या तुरुंगात, प्रकाशन १९३५) रडणारा श्याम लहान आहे, पण त्या रडण्याचा अर्थ लावणारा श्याम मोठा आहे. उताऱ्यातील कोणते वाक्य कोणाचे, हे वेगळे करता आले की त्यातील करुणरसाची घडण समजते.

तृतीयपुरुषी निवेदन तीन प्रकारचे मानतात. एकच प्रसंग तिन्ही प्रकारे असा लिहिता येईल:

सर्वज्ञ: रात्रपाळी संपवून तो बोईसर स्थानकावर आला. घरी पुढ्यात काय वाढून ठेवले आहे याची त्याला कल्पना नव्हती.

मर्यादित: रात्रपाळी संपवून तो बोईसर स्थानकावर आला. गाडीला उशीर होता. धाकटीचा ताप उतरला असेल का, एवढेच त्याच्या मनात येत होते.

बाह्य: तो बाकावर बसला. त्याने डबा उघडला, आत पाहिले आणि पुन्हा झाकण लावले.

पहिल्या प्रकारात निवेदकाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक असते, दुसऱ्यात पात्राइतकेच, तिसऱ्यात पात्रापेक्षा कमी. तिसरा प्रकार वाचायला सोपा वाटला तरी त्यात वाचकाला सर्वांत अधिक काम करावे लागते. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये ‘कोण बोलतो’ आणि ‘कोण पाहतो’ हे दोन प्रश्न वेगळे केले, ते मर्यादित निवेदनाच्या संदर्भात उपयोगी पडतात. वरील दुसऱ्या उदाहरणात बोलणारा निवेदक आहे, पण पाहणारा तो कामगार आहे.

द्वितीयपुरुषी निवेदन मराठीत विरळ असून ते प्रामुख्याने पत्ररूप लेखनात आढळते.

ज्याच्या सांगण्यावर वाचकाने पूर्ण विसंबू नये अशा निवेदकाला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केली. असा निवेदक खोटारडाच असतो असे नाही. तो लहान असेल, संतापलेला असेल, प्रेमात असेल किंवा स्वतःचा बचाव करीत असेल.

अनेक निवेदक आणि चौकटीची कथा

वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघे आपापली बाजू सांगतात. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण हेही निवेदक आहेत. अशा कादंबऱ्यांत एकाच घटनेची अनेक रूपे शेजारी येतात आणि निवाडा वाचकावर सोपवला जातो. या दोन्ही कादंबऱ्यांचे विषय महाभारतातील, म्हणजे कथानक वाचकाला आधीच ठाऊक असलेले आहेत. काय घडले याची उत्सुकता नसल्यामुळे सारे लक्ष कोणाला ते कसे दिसले याकडे जाते. अनेक निवेदकांचा प्रयोग पौराणिक विषयावर इतका लोकप्रिय का झाला, याचे एक कारण यात सापडते.

एका निवेदनाच्या आत दुसरे निवेदन असेल, तर तिला चौकटीची कथा म्हणता येईल. ‘श्यामची आई’त बाहेरचा निवेदक आश्रमातील संध्याकाळ सांगतो आणि आत श्याम बेचाळीस रात्री आपली कथा सांगतो. ज्ञानेश्वरीची (शके १२१२, इ.स. १२९०) रचना याहून अधिक पदरी आहे: श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, ते संजय धृतराष्ट्राला सांगतो, आणि ते सर्व ज्ञानेश्वर निवृत्तिनाथांसमोर श्रोत्यांना सांगतात. मधूनच ज्ञानेश्वर श्रोत्यांशी बोलू लागतात, तेव्हा वाचक क्षणात कुरुक्षेत्रावरून नेवाशाला येतो. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ (सुमारे इ.स. १२७८) याच्या उलट टोकाचे आहे. तेथे संकलक स्वतः ‘मी’ म्हणून पुढे येत नाही. चक्रधरांना पाहिलेल्या अनुयायांच्या आठवणी त्याने जमवल्या आणि छोट्या छोट्या प्रसंगांत, संवादांसह, मांडल्या. आठवणी अनेकांच्या असल्यामुळे काही प्रसंगांचे पाठभेदही नोंदले गेले. साक्षीदारांच्या सांगण्याला इतके महत्त्व देणारे गद्य मराठीच्या आरंभकाळीच लिहिले गेले, ही गोष्ट शालेय अभ्यासात फारशी अधोरेखित होत नाही.

बांधणी

घटना ज्या क्रमाने घडल्या तो घटनाक्रम आणि ज्या क्रमाने सांगितल्या जातात तो कथनक्रम. दोन्ही जुळले तर कालानुक्रमी रचना होते. न जुळले तर पूर्वस्मरण, मध्यापासून आरंभ, शेवट आधी सांगणे अशा रचना होतात. माहितीपर लेखनात कालक्रम, कारण-परिणाम, तुलना, समस्या आणि उपाय या बांधण्या प्रचलित आहेत. या याद्या पाठ करणे सोपे असते. बांधणीमागे निवेदकाचा हेतू असतो, हे मात्र उदाहरणानेच कळते.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ चळवळीत पालघर येथे मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. अशा घटनेची नोंद तीन प्रकारच्या संहितांत होते. सरकारी अहवाल वेळेच्या नोंदींनी पुढे सरकतो. त्यात गोळी ‘झाडण्यात येते’ आणि ती कशामुळे झाडली याचे कारण आधी दिलेले असते. मोर्चात चाललेल्या माणसाची आठवण बहुधा घरातून निघण्यापासून किंवा जखमी सोबत्यापासून सुरू होते. वेळ तिच्यात अंदाजाने येते. स्मारकावरील लेखात कथानकच नसते, फक्त नावे आणि तारीख. तिन्हींत जमलेल्या लोकांसाठी येणारा शब्द पाहावा. अहवालात ‘जमाव’, आठवणीत ‘मोर्चा’, स्मारकावर ‘हुतात्मे’. यांपैकी एकही शब्द अलंकार नाही, तरी प्रत्येकात दृष्टिबिंदू पुरता उतरलेला आहे.

मराठी शासनव्यवहारातील ‘करण्यात आले’, ‘घेण्यात येईल’ ही कर्मणी वळणाची वाक्ये निवेदकासह कर्त्यालाही पडद्याआड नेतात. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलवण्यात आली. हे शेवटचे वाक्यही त्याच घडणीचे आहे, आणि ज्ञानकोशाच्या भाषेत ते बसते. परंतु ‘गाव हलवण्यात आले’ आणि ‘आम्ही गाव सोडले’ या दोन वाक्यांत फरक केवळ प्रयोगाचा नाही. पहिल्यात गाव ही वस्तू आहे आणि ती हलवणारा दिसत नाही. दुसऱ्यात चालत निघालेली माणसे दिसतात, पण त्यांना कोणी निघायला लावले ते दिसत नाही. ‘आम्हाला गाव सोडावे लागले’ असे तिसरे वाक्य लिहिले की ती सक्तीही निवेदनात येते.

अलंकार कोणाचा?

उपमेत उपमेय विषयाकडून येते. उपमान मात्र निवेदकाच्या जगातून येते. सातपाटीच्या मच्छीमाराच्या तोंडी चंद्र सरंग्याच्या पोटासारखा पांढरा असेल, घोलवडच्या वाडीतील मजुराला तो करंडीच्या तळाशी राहिलेल्या एकट्या फळासारखा वाटेल आणि बोईसरच्या कारखान्यातील कामगाराला शेडवर रात्रभर जळणाऱ्या दिव्यासारखा. तिन्ही उपमा व्याकरणाच्या दृष्टीने सारख्याच आहेत. ‘येथे उपमा अलंकार आहे, कारण सारखा हा साधर्म्यवाचक शब्द आला आहे’ एवढे उत्तर तिघांनाही लागू पडते आणि म्हणून तिघांविषयीही काही सांगत नाही. निवेदकाला न शोभणारे उपमान आले, उदाहरणार्थ समुद्र कधी न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी गलबताचे, तर तेथे लेखकच निवेदकाला बाजूला सारून बोलू लागला आहे असे समजावे.

चेतनगुणोक्तीचेही तसेच आहे. ज्या समाजात डोंगर, धान्य आणि वाघ यांना देव मानतात, तेथे ‘डोंगर पाहतो आहे’ हे वाक्य अलंकार असेलच असे नाही. बोलणाऱ्याच्या दृष्टीने ते साधे विधान असू शकते. वारली वा कोकणा परंपरेतील गीतांचे रसग्रहण करताना हा प्रश्न वारंवार येतो. अतिशयोक्ती आणि उपरोध यांचा अर्थ तर निवेदक कळल्याखेरीज लागतच नाही, कारण शब्द आणि हेतू यांतील अंतर बोलणाऱ्याच्या स्वभावावरून ओळखायचे असते.

उत्तर कोकणातील उदाहरणे

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचे या भागाविषयीचे लेखन ठाणे जिल्ह्याच्या नावावर आढळते.

गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक १९४५ पासूनच्या वारली आदिवासींच्या लढ्याचे अनुभवकथन आहे. वेठबिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणारे ‘लग्नगडी’ हे त्याचे केंद्रीय विषय होत. पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निवेदन प्रथमपुरुषी आहे. ही ‘मी’ पुण्यात वाढलेली, कायद्याचे शिक्षण घेतलेली स्त्री आहे; ती वारली नाही. म्हणून या पुस्तकात वाचकाने दोन कथा एकाच वेळी वाचायच्या असतात: वारल्यांच्या जागे होण्याची, आणि त्यांना पाहणारीच्या बदलत जाण्याची.

शीर्षकाची घडण लक्ष देण्याजोगी आहे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गौण वाक्य आहे. त्याला लागणारे ‘तेव्हा…’ हे मुख्य वाक्य शीर्षकात नाही. ते पुस्तकाने पुरवायचे आहे. शिवाय शीर्षकात ‘वारली’ नाही, ‘आदिवासी’ नाही आणि ‘मी’ही नाही, ‘माणूस’ आहे. ज्यांना माणूस म्हणून वागवले गेले नाही त्यांच्यासाठी हा शब्द वापरणे, यातच निवेदिकेची बाजू स्पष्ट होते. याच्या सात वर्षे आधी आलेल्या बाबुराव बागुल यांच्या कथासंग्रहाचे शीर्षक ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. दोन्ही शीर्षके ‘जेव्हा’ने सुरू होतात. बागुलांच्या शीर्षकात सोसणारा स्वतः बोलतो, म्हणून तेथे ‘मी’ येतो; परुळेकरांच्या शीर्षकात पाहणारी बोलते, म्हणून ‘माणूस’ येतो. दोन्ही शब्द आपापल्या जागी प्रामाणिक आहेत.

‘लग्नगडी’ या शब्दावरून आणखी एक गोष्ट दाखवता येते. निवेदकाला जसा आवाज असतो तसा त्याच्यासमोर एक श्रोताही गृहीत धरलेला असतो. एखाद्या लेखनात कोणते शब्द समजावून दिले आहेत हे पाहिले की तो श्रोता कोण ते कळते. लग्नगडी म्हणजे काय हे वारली माणसाला सांगावे लागत नाही. ते शहरातील वाचकाला सांगावे लागते.

अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या पुस्तकाचे नाव ‘कोसबादच्या टेकडीवरून’ असे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे सुरू केलेले बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये कोसबादला आले. आदिवासी मुलांच्या अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा हे त्या कामातील प्रयोग होत. शीर्षकातील ‘वरून’ हा शब्द दृष्टिबिंदूची व्याख्याच आहे: निवेदिका कोठे उभी राहून पाहते ते त्याने सांगितले आहे. टेकडीवरून पाहणाऱ्याला पाडे एकत्र दिसतात, झोपडीच्या आतले दिसत नाही. कोसबादच्या कामाची दिशा मात्र टेकडी उतरून अंगणात आणि कुरणात जाण्याची होती. शीर्षक आणि काम यांतील हा ताण वर्गात चर्चेला घेण्यासारखा आहे.

आतून सांगणाऱ्या आवाजांचे स्वरूप वेगळे आहे. वारली लग्नविधी चालवणाऱ्या ढवळेरी या स्त्रिया असतात आणि विधीतील गीते त्याच गातात. या गीतांना एक लेखक नाही आणि निवेदक ठरलेला असला तरी गाणारी बदलते. छापील संग्रहात आल्यावर असे गीत एका गाणारीच्या एका दिवसाच्या पाठात गोठते. संकलकाने दिलेले मराठी रूप, टीपा आणि शब्दार्थ यांतून दुसरा निवेदक त्यावर बसतो. संग्रहातील गीताचा अभ्यास करताना मूळ वारली पाठ आणि मराठी रूपांतर शेजारी ठेवून वाचणे त्यामुळे आवश्यक ठरते.

वारली चित्र ही देखील कथनाची पद्धत आहे. लग्नचौक भिंतीवर काढण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८; पद्मश्री २०११) यांनी १९७० च्या दशकापासून विधीबाहेरचे विषय, लोककथा आणि रोजचे जीवन कागदावर आणि कापडावर आणले. या चित्रांत पाहणारा एका जागी उभा नसतो. तारपा नाचाचे वेटोळे वरून पाहिल्यासारखे असते, त्यात नाचणारी माणसे समोरून किंवा बाजूने दिसतात आणि शेजारच्या झोपडीचे आतले-बाहेरचे एकदमच दिसते. गद्यातील सर्वज्ञ निवेदकाची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. पण सर्वज्ञ निवेदक पात्रांच्या मनात शिरतो, आणि या चित्रांतील माणसांना चेहराच नसतो. कोण काय करते आहे यावरूनच कथा कळते. वरील वर्गीकरणात बसवायचे झाल्यास हे बाह्य निवेदन ठरेल, मात्र अनेक जागांवरून एकाच वेळी केलेले.

अभ्यासातील उपयोग

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मराठी अभ्यासक्रमात कवितेच्या रसग्रहणात आशय, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये यांचा विचार अपेक्षित असतो. निवेदक हा स्वतंत्र मुद्दा म्हणून फारसा येत नाही, पण तो या तिन्ही मुद्द्यांच्या मुळाशी असतो. उतारा वाचताना प्रथम क्रियापदांची रूपे पाहून पुरुष आणि लिंग ठरवावे. मग निवेदकाला काय ठाऊक आहे व काय नाही ते पाहावे. त्यानंतर बांधणी आणि शेवटी अलंकार घ्यावेत. प्रचलित मार्गदर्शिकांत हा क्रम बहुधा उलटा असतो.

ज्यांच्या घरी वारली, मांगेली किंवा वाडवळी बोलली जाते अशा मुलांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. अनेक ग्रामीण कथा-कादंबऱ्यांत निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असतात. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी संवाद आहेत. या विभागणीमुळे बोली ही पात्रांची आणि प्रमाणभाषा ही सांगणाऱ्याची, असा समज नकळत रुजतो. तो दूर करण्याचा एक सोपा अभ्यास असा: पाठ्यपुस्तकातील एखादा प्रसंग विद्यार्थ्याने घरच्या बोलीत, त्यातील गौण पात्राच्या तोंडून लिहायचा. पाठात सावकाराच्या दारात उभे राहिलेले आणि एकही वाक्य न बोललेले कूळ निवेदक झाले, की सर्वनामे बदलतात, उपमाने बदलतात आणि कथा बहुधा वेगळ्याच ठिकाणी सुरू होते.